टीटीजी आधी ४८, मग १४ : मुलीला सीलिॲक आहे की नाही?

प्रश्न थोडक्यात असा : मुलगी सात वर्षांची आहे. वर्गात सगळ्यांत बुटकी. लोहाचं औषध महिनोन् महिने देऊनही हिमोग्लोबिन ८ च्या आसपासच अडकलेलं, पोट अधूनमधून फुगतं. सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारासाठी, टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी केली, ती ४८ आली. त्या लॅबची मर्यादा २० आहे. घरच्यांच्या सल्ल्याने लगेच गहू बंद करून ज्वारी-बाजरीवर आणलं. मुलगी ताजीतवानी वाटू लागली. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तीच तपासणी केली तर १४. आता एक डॉक्टर म्हणतात, सीलिॲक नाही, सगळं खाऊ द्या. दुसरे म्हणतात, आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावीच लागेल. आईला कळत नाही की कोणाचं ऐकायचं, आणि चार वर्षांच्या धाकट्या भावाचं काय करायचं.

ताई, तुम्ही विचारलंय की आजार आहे का नाही, पण खरा पेच थोडा वेगळा आहे. तुमच्याकडचे दोन रिपोर्ट दोन निरनिराळ्या परिस्थितींतले आहेत. पहिल्या वेळी मुलगी रोज पोळी खात होती. दुसऱ्या वेळी तीन महिने गहू पोटात गेला नव्हता. म्हणून ४८ आणि १४ हे आकडे शेजारी ठेवून ‘आजार बरा झाला’ किंवा ‘आजार नव्हताच’ यातलं काहीही म्हणता येत नाही. पहिला रिपोर्ट रास्त संशय निर्माण करतो. दुसऱ्या रिपोर्टने तो संशय दूर होत नाही. आणि दोन्ही मिळून निदान होत नाही. तुम्ही सध्या या मधल्या जागी उभ्या आहात, आणि इथून पुढे कसं जायचं हे ठरवायचं आहे.

मी लहान मुलांच्या पोटाच्या आणि यकृताच्या आजारांवर बरीच वर्षं काम करते आहे. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, तिचा वाढीचा तक्ता पाहिलेला नाही, त्यामुळे इथे बसून निदान सांगणार नाही. पण या तपासण्या नेमकं काय मोजतात आणि त्यांचा अर्थ कशावर अवलंबून असतो ते नीट समजलं, तर तुमच्या डॉक्टरांशी बोलणं खूप सोपं होईल.

सुरुवात टीटीजीपासून करू. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात असणारं एन्झाइम आहे. ऊतींची दुरुस्ती हे त्याचं एक काम. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचं पचन अर्धवटच होतं. त्याचे काही तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात, आणि हे एन्झाइम त्या तुकड्यांमध्ये एक छोटासा रासायनिक बदल करतं. ज्यांच्याकडे डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही विशिष्ट जनुकं असतात त्यांच्या पेशींना हा बदललेला तुकडा घट्ट चिकटतो, रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशी चवताळतात, आतड्याच्या अस्तरावरचे केसाळ उंचवटे झिजू लागतात. या सगळ्या गदारोळात ग्लुटेनचा तुकडा आणि एन्झाइम एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे शरीर त्या एन्झाइमविरुद्धच, म्हणजे स्वतःच्याच एका घटकाविरुद्ध, अँटीबॉडी तयार करतं. आपण रक्तात मोजतो ती हीच अँटीबॉडी. सीलिॲकमध्ये शरीराचा रोख या एन्झाइमवर असतो, हे १९९७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, आणि त्यानंतर ही तपासणी जगभर साधी, स्वस्त आणि भरवशाची झाली.

आता यातली कळीची गोष्ट पाहा. ती अँटीबॉडी बनवत राहण्यासाठी शरीराला ग्लुटेनची आठवण सतत करून द्यावी लागते. गहू बंद झाला की टी पेशींची चिथावणी थांबते आणि काही आठवड्यांत-महिन्यांत अँटीबॉडी उतरू लागते. सीलिॲक असलेल्या मुलाने पथ्य चांगलं पाळलं तर टीटीजी सहा महिने ते दोन वर्षांत नॉर्मलवर येतं. सुरुवातीचा आकडा लहान असेल तर त्याहून लवकर. तुमच्या मुलीचा आकडा मुळात मर्यादेच्या जेमतेम सव्वादोन-अडीच पट होता. तीन महिन्यांत तो २० च्या खाली येणं यात नवल काहीच नाही. गहू बंद असताना टीटीजी करून ‘सीलिॲक नाही’ म्हणणं म्हणजे उन्हाळ्यात कौलं तपासून छप्पर गळत नाही असं सांगण्यासारखं आहे.

मग ४८ वरून १४ झालं, म्हणजे सीलिॲक होताच असं धरायचं का? तसंही नाही. घसरण संशयाच्या बाजूने बोलते, हे खरं. पण कमी पातळीवरचं टीटीजी काही मुलांमध्ये गहू खात असतानाही आपोआप खाली येतं. पोटाचा एखादा संसर्ग, यकृताचा आजार, टाइप १ मधुमेह यांमध्ये ते थोडंसं वर जाऊन परत खाली आलेलं आम्ही पाहतो. म्हणून छोट्या आकड्यांवर मी कधी आयुष्यभराचं पथ्य सांगत नाही, आणि छोटा आकडा कधी दुर्लक्षितही करत नाही.

इथे आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण फोनवर ‘डॉक्टर, टीटीजी ४८ आलंय, खूप आहे का?’ असं मला फार लोक विचारतात. नुसत्या ४८ ला अर्थ नाही. हे साखरेसारखं नाही, की कुठल्याही लॅबमध्ये मोजलं तरी एकच मोजपट्टी. प्रत्येक कंपनीच्या किटची वरची मर्यादा वेगळी असते; कुणाची ४, कुणाची १०, कुणाची २०. एका किटवरचा ४८ म्हणजे मर्यादेच्या बारा पट, दुसऱ्यावर अडीच पटही नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी शेजारच्या रकान्यातली मर्यादा बघायची आणि भागाकार करायचा. आपल्याला हवं असतं ते हे ‘किती पट’. आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. हे तुम्ही आपणहून पाळलंत, ते चांगलं झालं.

हा ‘किती पट’ एवढा महत्त्वाचा का, तर आकडा जितका मोठा तितकी आतड्याला खरोखर इजा झालेली असण्याची खात्री जास्त. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, एस्पगानने, २०१२ मध्ये याच आधारावर नियम केला आणि २०२० मध्ये तो सुटसुटीत केला : टीटीजी-आयजीए मर्यादेच्या दहा पट किंवा त्याहून जास्त असेल, आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर मुलांमध्ये दुर्बीण न घालता सीलिॲकचं निदान करता येतं. अर्थात पालकांशी सविस्तर बोलून. तुमची मुलगी या नियमात बसत नाही. अडीच पट हा तो करडा पट्टा आहे जिथे दुर्बिणीला पर्याय नाही. दुसरे डॉक्टर जे म्हणाले ते या दृष्टीने बरोबर आहे. फक्त त्यांनी ते कधी करायचं याबद्दलही बोलायला हवं होतं, ते मी पुढे लिहिते.

आता जरा आकडेमोड. टीटीजी-आयजीएच्या चांगल्या किटबद्दल ढोबळमानाने असं धरू, की खऱ्या शंभर रुग्णांपैकी ९५ ती पकडते, आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी ९५ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. ऐकायला फारच छान. पण समजा कुठल्याही तक्रारी नसलेली हजार मुलं घेतली, ज्यांच्यात आजार शंभरात एकाला आहे. म्हणजे हजारात दहा रुग्ण. त्यांतले नऊ-दहा पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९० निरोगी मुलांपैकी पाच टक्के, म्हणजे जवळपास पन्नास जणही पॉझिटिव्ह येतील. साठ पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यांत खरे दहा! सध्या ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये टीटीजी घुसवलेलं असतं, त्यातून घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक या पन्नासांतली असतात.

पण आता दुसरी हजार मुलं घ्या : ज्यांची उंची खुंटलीय, लोह देऊनही रक्त वाढत नाही, पोट फुगतं. समजा यांच्यात आजार शंभरात वीस जणांना आहे. दोनशे रुग्णांपैकी १९० पॉझिटिव्ह, आठशे निरोगींपैकी ४० पॉझिटिव्ह. आता २३० रिपोर्टांत १९० खरे. तीच तपासणी, तेच किट, पण रिपोर्टचं वजन पार बदललं. तुमची मुलगी या दुसऱ्या गटात आहे. म्हणून तिचा ४८ मी हलक्यात घेणार नाही, तोच ४८ एखाद्या धडधाकट मुलाच्या पॅकेजमध्ये आला असता तर मी शांतपणे काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलं असतं.

आपण कुठे राहतो यावरही हे थोडं अवलंबून आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतात सीलिॲकचं प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत केवळ ०.१० टक्के आढळलं. जनुकांचा फरक एवढा नव्हता. फरक ताटाचा होता. उत्तरेत रोज सरासरी साडेचारशे ग्रॅमच्या वर गहू, दक्षिणेत पंचवीस ग्रॅम. महाराष्ट्र मध्ये कुठेतरी. कोकणात भात, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्वारी, पण शहरांत आता सगळीकडे पोळी, ब्रेड, बिस्किट, नूडल्स. माझ्या लहानपणी पोळी ही सणावाराची होती असं सांगणारे आजी-आजोबा ओपीडीत नातवंडांना घेऊन येतात, तेव्हा ताटात काय बदललंय ते दिसतं. त्यामुळे ‘हा पंजाब्यांचा आजार, आपल्यात नसतो’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो आपल्याकडे कमी आहे, पण आहे.

आता तुमच्या पहिल्या रिपोर्टबद्दल मला पडलेला प्रश्न : त्याच वेळी ‘एकूण आयजीए’ मोजलं होतं का? टीटीजीची नेहमीची तपासणी आयजीए या प्रकारच्या अँटीबॉडीवर चालते. काही माणसांत जन्मतःच आयजीए जवळजवळ नसतंच, आणि सीलिॲक असलेल्यांमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त, शंभरात दोन-तीन, असतं. अशा मुलाचा टीटीजी-आयजीए कितीही वेळा केला तरी नॉर्मल येईल आणि आजार आत चालू राहील. तुमच्या मुलीचं टीटीजी-आयजीए वाढलेलं आलं, याचाच अर्थ तिचं शरीर आयजीए बनवतंय, त्यामुळे तिच्याबाबतीत ही भीती नाही. पण धाकट्याची तपासणी कराल तेव्हा एकूण आयजीए सोबत मागाच. ते फारच कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या तपासण्या, म्हणजे डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी, कराव्या लागतात.

बाकीच्या तपासण्यांबद्दल पटकन सांगते, कारण लॅबवाले यादी पुढे करतात आणि पालक गोंधळतात. ईएमए, म्हणजे अँटी-एंडोमायसियल अँटीबॉडी, ही टीटीजीच्याच एन्झाइमविरुद्धची अँटीबॉडी असते, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या रंगावरून डोळ्यांनी वाचतात. वेळ लागतो, पैसे जास्त, वाचणारा अनुभवी हवा. पण नीट केली तर खोटी पॉझिटिव्ह फारच क्वचित येते. कमी पातळीच्या टीटीजीला दुजोरा द्यायला ती उपयोगी. जुनी अँटी-ग्लायडिन अँटीबॉडी आता निदानासाठी कोणीही वापरू नये. ती निरोगी माणसांतही सर्रास वाढलेली असते. गव्हाची ॲलर्जी दाखवणारी आयजीई तपासणी हा पूर्ण वेगळा आजार शोधते. आणि दोनशे खाद्यपदार्थांची आयजीजी यादी देणाऱ्या महागड्या ‘फूड इनटॉलरन्स’ पॅनेलने सीलिॲकचं निदान होत नाही, ना दुसऱ्या कशाचं. त्या पॅनेलच्या भरवशावर दूध, अंडी, डाळी, गहू सगळं बंद करून वाळलेली मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

एक तपासणी मात्र तुमच्या सध्याच्या पेचात खरोखर कामाची आहे : एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८. ही जनुकांची तपासणी आहे, अँटीबॉडीची नाही, त्यामुळे गहू चालू असो वा बंद, उत्तर बदलत नाही. आयुष्यात एकदाच करायची. दोन्ही जनुकं नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच, आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. पण ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे सीलिॲक आहे असं अजिबात नाही. ही जनुकं अगदी सामान्य आहेत; युरोपीय वंशाच्या लोकांत तीस-चाळीस टक्के लोकांकडे असतात, आपल्याकडेही दुर्मीळ नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ही तपासणी दार बंद करू शकते, उघडू शकत नाही. महागही आहे, म्हणून सरसकट मी ती सांगत नाही. पण गहू आधीच बंद झालेल्या मुलांत तिच्यापासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं.

इथवरचं एका दमात : ४८ हा आकडा संशयाला पुरेसा, निदानाला अपुरा. १४ हा गहू बंद असतानाचा, म्हणून निर्दोष ठरवायला निरुपयोगी. मुलीच्या तक्रारी संशय वाढवणाऱ्या. आता निर्णय हवा.

मी तुमच्या जागी असते तर क्रम असा ठेवला असता. आधी एचएलए. ते नकारार्थी आलं तर पोळी सुरू करा आणि रक्त का वाढत नाही याचा दुसरीकडे शोध घ्या : थॅलेसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहकत्व, जंत, आहारातलं लोह, औषध खरंच नियमित आणि योग्य मात्रेत जातंय का. खरं तर हे सगळं सीलिॲकचा विचार करतानाही एकदा पाहून घ्यायला हवं. थॅलेसीमियाच्या वाहकांना गरज नसताना वर्षानुवर्षं लोहाच्या बाटल्या पाजल्या जातात.

एचएलए पॉझिटिव्ह आलं, किंवा करता आलं नाही, तर गहू पुन्हा सुरू करावा लागेल. हे ऐकून आयांचा जीव कासावीस होतो, मला ठाऊक आहे. लेकरू आत्ता कुठे सुधारतंय आणि डॉक्टर परत तेच खायला घालायला सांगताहेत! पण त्यामागचं कारण पटलं की बहुतेक पालक तयार होतात. सीलिॲकचं पथ्य जन्मभराचं आहे. सात वर्षांच्या मुलीवर शाळेचा डबा, वाढदिवस, सहली, वसतिगृह, लग्न, बाळंतपण या सगळ्यांत चालणारं बंधन आपण अर्धवट माहितीवर लादणार असू, तर त्याआधी दोन-तीन महिन्यांचा त्रास सोसून खात्री करून घेणं मला जास्त दयेचं वाटतं. शिवाय वयही अनुकूल आहे : पाच वर्षांच्या आत आणि वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा हा प्रयोग आम्ही टाळतो. आत्ता करून टाकणं बरं, अकराव्या-बाराव्या वर्षी नव्हे.

किती गहू? मुद्दाम डोंगर खायला घालायचा नाही; घरातलं नेहमीचं जेवण. एका मध्यम पोळीत ढोबळमानाने अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज दोन पोळ्या किंवा त्याच्या बरोबरीचा ब्रेड, उपमा, शेवया इतकं पुरे. मोठ्या माणसांत रोज तीन ग्रॅम ग्लुटेन दोन आठवडे आणि मग गरज पडली तर आठ आठवड्यांपर्यंत, अशी पद्धत वापरतात. मुलांमध्ये मी साधारण दीड-दोन महिने गहू चालू ठेवून टीटीजी करते. ते वाढलं तर दुर्बीण, नाही वाढलं तर गहू तसाच चालू ठेवून पुन्हा तपासणी. या काळात लोहाचं औषध बंद करू नका. आणि मुलीला उलट्या, जोराचे जुलाब, वजन उतरणं असं काही झालं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे. लवकर दुर्बीण करून टाकता येते. हे सगळं तुमच्या डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं, इथे वाचून घरच्या घरी नाही.

दुर्बिणीबद्दल भीती असते म्हणून थोडं लिहिते. मुलांना झोपेचं औषध किंवा भूल देऊन तोंडातून पातळ नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. प्रत्यक्ष काम थोड्या मिनिटांचं. आतड्याच्या अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. इथे एक गोष्ट आवर्जून विचारा : किमान चार तुकडे लांबच्या भागातून आणि एक-दोन अगदी सुरुवातीच्या भागातून, ज्याला बल्ब म्हणतात, घेणार ना? झीज सगळीकडे सारखी नसते. एक-दोन तुकड्यांत ती निसटते. नुसतं ‘दुर्बिणीत सगळं नॉर्मल दिसलं’ म्हणून तुकडे न घेता परत आलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि मग पुन्हा सगळं करावं लागतं. तुकड्यांच्या रिपोर्टवर ‘मार्श’ अशी श्रेणी असते, १९९२ मध्ये मांडलेली. मार्श ३ म्हणजे उंचवटे झिजलेले. मार्श १ म्हणजे नुसत्या पेशी वाढलेल्या, आणि ते शंभर कारणांनी होतं.

आपल्या देशात तर एकटा तुकडाही पुरेसा नाही. उंचवटे झिजणं जिआर्डियाच्या संसर्गात होतं, कुपोषणात होतं, ट्रॉपिकल स्प्रू नावाच्या आजारात होतं, प्रतिकारशक्तीच्या काही आजारांत होतं. म्हणून अँटीबॉडी आणि तुकडा, दोघांची साक्ष जुळावी लागते, आणि पथ्यानंतर मूल सुधारलं हेही पाहावं लागतं. गहू बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी घेतलेला तुकडाही काही वेळा बोलतो, कारण आतडं भरून यायला अँटीबॉडी उतरण्यापेक्षा जास्त काळ लागतो; पण तो नॉर्मल निघाला तर पुन्हा तुम्ही आजच्याच जागी परत याल. म्हणून मी गहू सुरू करूनच करते.

मुलगी ज्वारी-बाजरीवर ताजीतवानी दिसते, हा पुरावा नाही का, असं तुम्ही विचाराल. थोडा आहे. पण गहू बंद होतो तेव्हा बिस्किटं, खारी, टोस्ट, नूडल्सही बंद होतात. घरचं जेवण वाढतं. आणि गव्हातल्या काही शर्करांमुळे फुगणारं पोट सीलिॲक नसलेल्या मुलाचंही उतरतं. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा मला दोन गोष्टी जास्त पटतात : हिमोग्लोबिन या तीन महिन्यांत हललं का, आणि उंचीची रेघ वर वळली का. पहिलं मोजून घ्या, आजच. उंचीला तीन महिने कमी पडतात, सहा महिन्यांनी कळेल. पण आजची उंची आणि वजन कुठेतरी लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता धाकटा. बहिणीचं निदान पक्कं झालं, तर आई, वडील आणि भाऊ तिघांचीही तपासणी करायला हवी, तक्रारी असोत वा नसोत. रुग्णाच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना हा आजार निघतो. त्याच्यासाठी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए, एवढंच. अट एकच : त्याने गहू खात राहायचं! बहिणीसाठी घरात सगळ्यांनीच पोळी सोडली आणि मग भावाची तपासणी केली, असं फार घरांत होतं, आणि तो रिपोर्ट पुन्हा वाया जातो. त्याची पहिली तपासणी नॉर्मल आली तरी जन्माची सुटका झाली असं नाही. जनुकं असतील तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, आणि मध्ये उंची किंवा रक्त मागे पडलं तर त्याआधी.

निदान पक्कं झालं तर मात्र अर्धवट पथ्य नको. भाकरी, भात, नाचणी, वरई, साबुदाणा, राजगिरा यांवर महाराष्ट्रात मूल छान वाढतं. आपल्या स्वयंपाकघराला हे पथ्य इतर अनेक प्रांतांपेक्षा सोपं जातं. पण छुप्या जागा माहीत हव्यात. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. रवा, दलिया, मैदा हे गहूच. जवापासून बनणारं माल्ट दुधात घालायच्या पावडरींमध्ये असतं. आणि ज्या गिरणीत आधी गहू दळला त्याच जात्यावर ज्वारी दळली की भाकरीतही गहू आला. म्हणून घरी लहान चक्की, किंवा गिरणीवाल्याला विनंती करून आधी थोडं ज्वारीचं पीठ काढून टाकून मग आपलं दळण घ्यायचं. पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ छापायला आपल्याकडच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, ते लेबल वाचायची सवय लावा.

त्या टप्प्यावर टीटीजी तपासणी पुन्हा कामाला येते, पण वेगळ्या कारणासाठी. आता ती निदान करत नाही. पथ्य नीट पाळलं जातंय का ते सांगते. सुरुवातीला सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. उतरत असेल तर उत्तम. उतरता उतरता अचानक वर गेली तर शाळेच्या डब्यात, आजोळी किंवा गिरणीत काहीतरी चुकतंय, ते शोधायचं, मुलीला न रागावता. फक्त आकडा नॉर्मल झाला म्हणजे आतडं पूर्ण भरलं असं धरू नका, आणि आकडा नॉर्मल झाला म्हणून गहू सुरू तर अजिबात करू नका.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही रिपोर्ट मूळ स्वरूपात न्या, मर्यादेच्या रकान्यासकट. गहू नेमका कोणत्या तारखेला बंद केला आणि मध्ये कधी खाल्ला गेला का, हे आठवून एका कागदावर लिहा. शाळेच्या आरोग्य तपासणीतल्या किंवा लसीकरणाच्या कार्डावरच्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी सापडल्या तर त्याही घ्या. एचएलए करायचं की थेट गहू सुरू करायचा, हे तुमचे डॉक्टर त्या नोंदी पाहून तुमच्याबरोबर ठरवतील. आणि तोपर्यंत, जे चाललंय तेच चालू द्या. उद्या सकाळी एकदम पोळी सुरू करू नका, कारण सुरू केल्याच्या दिवसापासून आठवडे मोजायचे आहेत आणि ती तारीख त्यांना माहीत असायला हवी.